उसाचे बिल : ठेवायचे की गुंतवायचे?

(कोल्हापूर जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



हंगाम सुरू होऊन कारखान्याची बिले जमा व्हायला लागली की आपल्या जिल्ह्यात पाहुण्यांची वर्दळ वाढते. पतसंस्थेचा माणूस येतो, विम्याचा एजंट येतो, ट्रॅक्टरच्या शोरूमचा पोरगा येतो, आणि आता म्युच्युअल फंडाचे रंगीत कागद घेऊनही कोणीतरी येतो. आपले बिल जमा झाल्याचे आपल्याआधी त्यांना कळते. चहा होतो, विचारपूस होते आणि मग प्रश्न येतो, "दादा, पैसे नुसते ठेवणार, की कुठे गुंतवणार?"

आज या प्रश्नाचेच उत्तर शोधायचे आहे. आम्ही शेतकीचे पदवीधर. उसाला नत्र किती, स्फुरद किती, भरणी कधी, हे सगळे आम्हाला शिकवले. बिल हातात पडल्यावर काय करायचे, याचा एकही तास झाला नाही. हा विषय आम्ही गावोगावच्या बैठकांतून, तुमच्या वह्या आणि पासबुके बघून शिकलो. तेच आज तुमच्यापुढे मांडतो.

तीन लाखांचे पंच्याऐंशी हजार

प्रथम हिशेब करू. अडीच एकर ऊस, एकरी चाळीस टन. म्हणजे शंभर टन. तोडणी-वाहतूक वजा जाऊन टनाला ३,२०० रुपये पडले असे धरू. बिल झाले ३ लाख २० हजार. गावभर बोभाटा होतो, अमक्याचे सव्वातीन लाख आले! घरातही तसेच वाटते. थोरला गाडी मागतो, धाकटा मोबाईल मागतो, भावकीतला एकजण हातउसने मागतो.

आता वही काढा. विकास सोसायटीचे पीककर्ज १ लाख २५ हजार. ते जिल्हा बँकेच्या खात्यावरच वळते होते. राहिले १ लाख ९५ हजार. खोडव्याची किंवा नव्या लावणीची नांगरट, बेणे, खत, मजुरी, पाणीपट्टी. नवे कर्ज मंजूर होईपर्यंत खिशातून घालावे लागतात ते ६० हजार. राहिले १ लाख ३५ हजार. जूनमध्ये पोरांची फी, वह्यापुस्तके, वर्षाचे धान्य, आजारपण, एखाद्या लग्नातला आहेर. हे ५० हजार धरा. राहिले किती? ८५ हजार.

मंडळी, ठेवायचे की गुंतवायचे हा प्रश्न फक्त या ८५ हजारांचा आहे. बाकीचे २ लाख ३५ हजार आपल्या नावावर एक दिवस मुक्कामाला आलेले आहेत. त्यांची जायची वाट ठरलेली आहे. आमच्या पाहण्यात जी घरे अडचणीत आली, त्यांतली बरीच घरे या मुक्कामाच्या पैशाला आपला समजल्यामुळे आली. ट्रॅक्टरचा पहिला भरणा बिलातून झाला, आणि लावणीसाठी महिन्याला तीन टक्क्यांनी सावकाराचे काढावे लागले.

व्यापाऱ्याला रोज गल्ला असतो, नोकरदाराला दर एक तारखेला पगार. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. एवढ्या महिन्यांची मजुरी, भांडवल आणि जोखीम एकाच दिवशी एकाच आकड्यात येते. तो आकडा मोठा दिसणारच. म्हणून बिल येण्याआधी वही करा. बिल आल्यावर केलेली वही बिलाच्या बाजूनेच बोलते.

एकरकमी का मागतो?

काही शहाणे विचारतात, ऊस उत्पादकांनी एकरकमी एफआरपीसाठी एवढा आटापिटा का केला? तुकड्यांनी मिळाले तर उलट बरे, उधळपट्टी होणार नाही. वा! आपली उधळपट्टी थांबवण्याची काळजी कारखान्याला!

१९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे आहेत. उशीर झाला तर सालीना १५ टक्के व्याज द्यायचे आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने निर्णय काढून एफआरपीचे तुकडे करायला परवानगी दिली. राजू शेट्टी त्याविरुद्ध न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला.

यात आपल्या आजच्या विषयाचे मर्म आहे. शंभर टनांपैकी टनामागे ७०० रुपये कारखान्याने आठ महिने मागे ठेवले, तर ७० हजार अडकले. १५ टक्क्यांनी त्याचे आठ महिन्यांचे व्याज ७ हजार. म्हणजे ८५ हजारांपैकी ७० हजार आपल्या हातात आलेच नाहीत. ठेवायचे की गुंतवायचे हे आपल्या वतीने दुसऱ्यानेच ठरवले, आणि गुंतवणूक झाली ती त्याच्या धंद्यात, बिनव्याजी.

हे नवे नाही. परतीची ठेव, बिनपरतीची ठेव अशा नावांनी उसाच्या बिलातून कपाती झालेल्या आपल्या वडिलांनी पाहिल्या आहेत. "बिनपरतीची ठेव" हा शब्द मराठीत कोणी शोधून काढला त्याला खरे तर बक्षीस द्यायला हवे. जी परत मिळत नाही ती ठेव कसली?

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. १४ दिवसांच्या नियमात एक फट आहे. दोन्ही बाजूंचा लेखी करार वेगळा असेल तर तो लागू होतो. म्हणून ऊस नोंदीच्या वेळी चिटबॉय जो छापील कागद पुढे करतो, त्यावर सही करण्याआधी वाचा. ज्याला वाचता येत नाही त्याने पोराकडून, सुनेकडून वाचून घ्यावा.

आधी देणे, मग ठेव

आता त्या ८५ हजारांकडे वळू. पहिला प्रश्न, घरात व्याजाचे दुसरे कर्ज आहे काय? सावकाराचे, बचत गटाच्या नावाखाली घेतलेले फायनान्स कंपनीचे, सोनेतारण, पाइपलाइनचे, म्हशीचे?

महिन्याला तीन टक्के म्हणजे सालीना छत्तीस टक्के. बँक ठेवीवर सात टक्क्यांच्या आसपास देते. एका खिशात सात टक्क्यांची ठेव आणि दुसऱ्या खिशात छत्तीस टक्क्यांचे देणे ठेवून हिंडणारे लोक गावात आहेत, आणि पावती दाखवून ते सांगतात, आमची बचत आहे! छत्तीस टक्क्यांचे देणे फेडले की तेवढी कमाई पक्की झाली. ना पाऊस लागतो, ना बाजार. एवढा भरवशाचा परतावा कोणत्याही एजंटच्या कागदावर सापडणार नाही.

पीककर्जाचे गणित वेगळे आहे. आपल्या राज्यात २०२१-२२ पासून ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर शून्य टक्क्याने पडते. तिथे महत्त्व तारखेला आहे. तारीख चुकली की सवलत गेली आणि पुढच्या कर्जाची वाटही अडते. म्हणून ज्यांचे कर्ज बिलातून आपोआप वळते होत नाही, त्यांनी ती रक्कम बाजूला काढून ठेवावी. तिच्यावर कोणताही डाव खेळू नये.

पुराचा गल्ला

दुसरा प्रश्न, उद्या पूर आला तर? २००५ साली आला, २०१९ साली आला, २०२१ साली आला. शिरोळ, करवीर, हातकणंगले तालुक्यांतील नदीकाठच्या माणसाला हे सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेले. तिथली धोक्याची पातळी ४३ फूट आहे. शेंडे बुडालेला ऊस कुजला, जनावरे हलवावी लागली, आणि मदतीचे पैसे जेव्हा यायचे तेव्हा आले. त्या मधल्या दिवसांत ज्यांच्या खात्यावर दोन पैसे मोकळे होते, त्यांना मिळेल त्या भावाने जनावर विकावे लागले नाही.

म्हणून पूरपट्ट्यातल्या घराने निदान चार महिन्यांचा खर्च हात घातला की निघेल असा ठेवावा. साध्या बचत खात्यावर, किंवा मोडता येईल अशा मुदत ठेवीत. व्याज कमी मिळेल. मिळू दे. हा पैसा कमावण्यासाठी नाही, कमावलेले राखण्यासाठी आहे. माळावरच्या गावांनी थोडा कमी ठेवला तरी चालेल, पण शून्य नको. दवाखान्याला माळ आणि मळी सारखेच.

सोन्याचेही इथेच सांगतो. कोल्हापूरची बाई गुजरीतून जे तोळा-दोन तोळे घेते, त्याला हौस म्हणून हिणवू नका. अडचणीला दोन तासांत पैसे उभे करणारी ती तिच्या ताब्यातली एकमेव पुंजी असते. मात्र घडणावळ देऊन घेतलेला दागिना मोडताना घडणावळ परत मिळत नाही, हेही लक्षात असू द्या.

रानात घातलेला पैसा

तिसरी गोष्ट आमच्या शिक्षणाची, म्हणून जरा सविस्तर बोलतो. गुंतवणूक म्हटले की आपली नजर गावाबाहेर जाते. बांधाच्या आत बघा.

शिरोळ तालुक्यात, कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या काळ्या रानात वर्षानुवर्षे पाटाने पाणी दिले. निचऱ्याची वाट नव्हती. पाणी वर आले, त्याबरोबर क्षार वर आले, आणि ज्या रानात साठ टन निघायचा तिथे गवतही उगवेना. त्याच तालुक्यात दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून पाणी बाहेर काढण्याचे काम झाले आणि पडीक रानात पुन्हा ऊस उभा राहिला. हे काम एकट्याचे नाही. माझ्या रानातले पाणी तुझ्या रानातून ओढ्याला जाणार, तेव्हा अख्ख्या शिवाराने मिळून करावे लागते. म्हणून दहा-वीस जणांची बिले एका महिन्यात आली की त्या महिन्यात बसा, नकाशा काढा, आणि प्रत्येकाच्या वाट्याचे पैसे बाजूला काढा. पैसे विखुरल्यावर शिवार एकत्र येत नाही.

सगळ्यांना एवढे मोठे काम लागत नाही. स्वस्तातले आधी करा. माती तपासा. तपासल्याशिवाय जिप्सम ओतू नका. जिप्सम चोपण रानाला लागते, नुसत्या क्षारपडीला निचरा लागतो. पाचट पेटवू नका, सरीत दाबा. त्याला बिलातला रुपयाही लागत नाही. दर तीन वर्षांनी शुद्ध बेणे आणा आणि पाच गुंठे स्वतःचा बेणेमळा ठेवा. ताग किंवा धैंचा गाडा. मग ठिबकचा विचार करा. ठिबकला अनुदान आहे, पण पैसे आधी आपल्या खिशातून जातात आणि अनुदान मागाहून येते, हे धरूनच हिशेब करा.

एकरी पाच टन वाढ झाली तर ३,२०० च्या भावाने १६ हजार रुपये, आणि खोडव्यालाही त्याचा लाभ. त्यासाठी एकरी दहा हजार घातले तर कोणत्या ठेवीने एवढे दिले असते? पण म्हणून सगळे ८५ हजार रानात ओतू नका. रान एक, पीक एक, नदी एक. सगळी अंडी त्याच डालग्यात आधीपासून आहेत.

म्हशीचेही गणित असेच. दुधाचे बिल दर दहा दिवसांनी येते आणि घर त्यावर चालते, ही आपल्या जिल्ह्याची मोठी ताकद आहे. पण म्हैस घेताना तिचा भाकड काळ, वैरण आणि घरातल्या बाईचे पहाटे चारपासूनचे कष्ट हिशेबात धरा. गोठ्यात राबणारीला न विचारता तिसरी म्हैस आणणे ही गुंतवणूक नाही, वेठ आहे.

पैसा कोणाच्या ताब्यात?

चौथी गोष्ट. एवढे करून जे उरेल, समजा ३० हजार, ४० हजार, ते लांबच्या मुदतीने ठेवायचे. इथे व्याज किती हे विचारण्याआधी विचारा, पैसा कोणाच्या ताब्यात जातो, आणि तो बुडाला तर कोण देणार?

बँकेतल्या ठेवीला विमा असतो. राष्ट्रीयीकृत असो, जिल्हा बँक असो, नागरी सहकारी असो. फेब्रुवारी २०२० पासून एका माणसाच्या एका बँकेतल्या सगळ्या शाखांच्या ठेवी मिळून, व्याज धरून, ५ लाखांपर्यंत. त्याआधी ही मर्यादा १ लाख होती. २००९ साली सांगलीच्या वसंतदादा शेतकरी सहकारी बँकेचा परवाना रद्द झाला तेव्हा एका लाखाचेच कवच होते. डिसेंबर २०२० मध्ये कराड जनता सहकारी बँकेचा परवाना गेला तेव्हा ते पाच लाखांचे होते. पतसंस्थेतल्या ठेवीला, विकास सोसायटीतल्या ठेवीला, कारखान्याकडच्या ठेवीला हा विमा नाही. चांगल्या पतसंस्था आहेत, आम्ही नाकारत नाही. पण त्या एक-दोन टक्के जास्त देतात तेव्हा ते जोखमीचे भाडे आहे, बक्षीस नाही, एवढे ओळखून ठेवा.

पोस्टाच्या योजनेमागे केंद्र सरकार आहे. किसान विकास पत्र १९८८ साली निघाले तेव्हा साडेपाच वर्षांत दामदुप्पट व्हायचे. अजूनही काही जण तोच हिशेब डोक्यात घेऊन येतात. एप्रिल २०२३ पासूनच्या साडेसात टक्के दराने दुप्पट व्हायला ११५ महिने, म्हणजे साडेनऊ वर्षांवर लागतात. आणि पहिली अडीच वर्षे ते एरवी मोडता येत नाही. पोरीच्या शिक्षणाला चालेल, पुढच्या लावणीला चालणार नाही.

शेअर आणि म्युच्युअल फंडाला आम्ही जुगार म्हणत नाही. पण तारीख बघा. जानेवारी २०२० मध्ये सेन्सेक्स ४२ हजारांच्या वर गेला होता. २३ मार्च २०२० ला तो २६ हजारांच्या खाली आला. नंतर तो सावरला आणि पुढेही गेला. ज्याला सात-आठ वर्षे पैशाची गरज नव्हती त्याचे काही बिघडले नाही. ज्याला त्याच मार्चअखेरीस कर्ज भरायचे होते, त्याने तोट्यात विकले. नोकरदाराचा पगार दरमहा येतो, तो बाजार सावरायची वाट बघू शकतो. आपली मिळकतच मुळात पाऊस, पूर आणि दर यांच्यावर टांगलेली. तेव्हा घातले तर थोडे, आणि विसरून जाता येईल असे.

आणि जो महिन्याला पाच टक्के, दहा टक्के देतो म्हणतो, त्याला ओसरीवरूनच रामराम करा. २०१९ साली इस्लामपूरच्या कंपनीचा कडकनाथ कोंबड्यांचा प्रकार आठवा. पिल्ले आम्ही देतो, अंडी आम्हीच घेतो, तुम्ही फक्त सांभाळा. सांगली, कोल्हापूर, साताऱ्याच्या शेतकऱ्यांचे पैसे गेले, शेडचे कर्ज डोक्यावर राहिले आणि कोंबड्यांना खाद्य घालायची पंचाईत झाली. जो विकतो तोच भाव ठरवतो आणि परत घेणाराही तोच एकटा, असा व्यवहार दिसला की समजावे, बाजार नाही, पिंजरा आहे.

भरपाईचा पैसा

आता एका वेगळ्या रकमेबद्दल थोडक्यात. महामार्गात, धरणात, कालव्यात ज्यांच्या जमिनी जातात त्यांना भरपाई मिळते. ती कमी की जास्त, जमीन द्यायची की नाही, हा लढा वेगळा आहे. पण ज्याच्या खात्यावर ती रक्कम पडली, त्याने एक समजावे की ते बिल नाही. ते रान आहे, कागदाचे झालेले. बिल खाल्ले तर पुढच्या हंगामात दुसरे येते. रान खाल्ले तर दुसरे येत नाही. म्हणून पहिले सहा महिने काहीही खरेदी करू नका. एका बँकेत पाच लाखांवर रक्कम असेल तर वाटून ठेवा, किंवा पोस्टाच्या योजना बघा. मग जमिनीला जमीन मिळते का ते शोधा. निदान त्या रानातून घराला जेवढे मिळत होते तेवढे उत्पन्न त्या पैशातून कायम मिळेल, अशी व्यवस्था लावा.

वहीवर दोन सह्या

शेवटी एक गोष्ट. ऊस बापाच्या नावावर, खाते बापाचे, निर्णय बापाचा. भांगलण, खुरपण, वैरण मात्र आईची. ज्या घरांत बिलाची वही नवरा-बायकोने मिळून लिहिली, तिथे पैसा जास्त टिकलेला आम्ही पाहिला. कारण जूनची फी किती आणि दवाखान्याची उधारी किती, हे तिलाच पाठ असते. ठेवीच्या पावतीवर दोघांची नावे घाला, आणि वारस नोंदवायचे विसरू नका.

तेव्हा या बैठकीतून जाताना तीन कामे घेऊन जा. प्रत्येक गावात दहा घरांनी तरी येत्या बिलाची वही बिलाआधी लिहायची. ऊस कारखान्याला गेल्याची तारीख आणि पैसे जमा झाल्याची तारीख त्याच वहीत टिपायची. चौदा दिवसांच्या पुढे गेलेल्या प्रत्येक दिवसाचे व्याज काढून, गावाची यादी करून, पुढच्या जिल्हा बैठकीला आणायची. त्या याद्या घेऊन साखर सहसंचालकांच्या कार्यालयात मिळूनच जायचे आहे.